गल्ल्यावर बिलाचे यंत्र घेताना

दुकानात बिलाचे यंत्र बसवावे असा विचार मनात आला की आपले दुकानदार बांधव प्रथम शहरातल्या एखाद्या विक्रेत्याकडे जातात. तो संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि गल्ल्याची पेटी असा सगळा संच मांडून दाखवतो, हप्त्याची सोय सांगतो आणि अर्ध्या तासात सौदा ठरतो. आमच्या मते ही रीत उलटी आहे. यंत्र पाहण्यापूर्वी आपले दुकान पाहावे, आणि तेही गर्दीच्या दिवशी.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका दुकानात रमजानच्या शेवटच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला २०० बिले होतात आणि दुकान १० तास उघडे असते. म्हणजे एका बिलाला सरासरी ३ मिनिटे मिळाली. हाताने बिल लिहायला तेवढाच वेळ लागतो, तेव्हा यंत्राची गरज काय, असे कोणीही म्हणेल. पण गिऱ्हाईक सरासरीने येत नाही. त्या २०० पैकी १०० जण संध्याकाळच्या ३ तासांत येत असतील, तर एका बिलाला २ मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. ३ मिनिटांच्या वेगाने त्या वेळात फक्त ६० बिले होतील. उरलेले ४० जण रांगेत उभे राहतील किंवा समोरच्या दुकानात जातील. यंत्राची किंमत या ४० जणांशी ताडून पाहावी. ज्याच्या दुकानात अशी गर्दी कधीच होत नाही आणि माल पन्नास-साठ प्रकारचाच आहे, त्याने घाई करू नये. त्याला मोबाइलवरचे साधे बिलाचे ॲप आणि एक छोटा प्रिंटर पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, आधी सॉफ्टवेअर ठरवावे, मग यंत्रे. सॉफ्टवेअर कोणत्या प्रिंटरवर चालते, गल्ल्याची पेटी उघडते का, एकाच मालाच्या दोन किमती सांभाळते का, हे कळल्याशिवाय यंत्र घेणे म्हणजे माप न घेता कापड फाडणे होय.

दोन किमतींचा मुद्दा किराणा दुकानदारांनी नीट समजून घ्यावा. वेष्टनावरच्या उभ्या रेघांत किंमत लिहिलेली असते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. त्या रेघांत फक्त १३ आकडी क्रमांक असतो, किंमत आपल्या संगणकात असते. साबणाची छापील किंमत वाढली तरी त्याचा क्रमांक बहुधा तोच राहतो. जुना आणि नवा माल एकाच फळीवर असेल, तर स्कॅन केल्यावर सॉफ्टवेअरने ‘कोणती किंमत?’ असे विचारले पाहिजे. ते विचारत नसेल तर जुन्या मालावर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जातील, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. जाता जाता हेही सांगतो की, ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे माल भारतातच तयार झाला असे नव्हे. तो क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता स्कॅनर. स्वस्त स्कॅनर फक्त रेघा वाचतो. चौकोनी क्यूआर कोड आणि मोबाइलच्या काचेवरचा कोड वाचायला द्विमितीय स्कॅनर लागतो. दोहोंच्या किमतीतला फरक आता पूर्वीएवढा राहिलेला नाही, तेव्हा द्विमितीयच घ्यावा. घेताना तपासण्याची युक्ती सोपी आहे. बहुतेक स्कॅनर संगणकाला कळफलकासारखेच वाटतात, वाचलेला क्रमांक ते टाइप करतात. दुकानातूनच चार वस्तू न्याव्यात: एक चुरगळलेले बिस्किटाचे पाकीट, एक गोल बाटली, एक चकचकीत पिशवी आणि एक फिकट छपाईची वस्तू. विक्रेत्याच्या संगणकावर कोरे पान उघडून त्या वाचून पाहाव्यात. चारही पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात वाचल्या तरच सौदा करावा. विक्रेता स्वतःजवळचा कोरा करकरीत डबा वाचून दाखवतो, त्यावर जाऊ नये.

कापड, चपला, भांडी अशा ज्या मालावर क्रमांक नसतो, तिथे लेबल आपणच छापावे लागते. कापडाचे नग वर्षभर पडून राहतात. साध्या उष्णतेवर छापलेले लेबल तोवर पुसट होते. अशा दुकानदारांनी शाईच्या फितीवर चालणारा लेबल प्रिंटर घ्यावा. फितीचा खर्च वाढतो, पण वर्षाअखेरीस साठा मोजताना तो वसूल होतो.

सर्वांत जास्त चुका बिलाच्या प्रिंटरमध्ये होतात. त्याचे दोन आकार प्रचलित आहेत, ५८ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर कागदाचे. लहान कागदावर एका ओळीत साधारण ३२ अक्षरे मावतात, मोठ्यावर ४८. नाव, नग, दर, रक्कम आणि जीएसटी एवढे सगळे ३२ अक्षरांत कोंबले की मालाचे नाव तुटते आणि गिऱ्हाईक बिलावरून वाद घालते. फेरीवाला किंवा पानपट्टीवाला सोडला तर आमचा कौल ८० मिलिमीटरला आहे. कागद आपोआप कापणारे पाते असलेला प्रिंटर घ्यावा, गर्दीत त्याचा उपयोग कळतो. ५० मीटरच्या रिळात २० सेंटिमीटरची २५० बिले निघतात, म्हणून रीळ विकत घेताना लांबी विचारावी. काही रिळांत मधली नळीच जाड असते आणि कागद कमी.

ज्यांना बिल मराठीत द्यायचे आहे, त्यांनी एक परीक्षा जरूर घ्यावी. या प्रिंटरांच्या पोटात बहुधा फक्त इंग्रजी अक्षरे असतात. देवनागरी छापायची तर सॉफ्टवेअरने ओळ चित्राच्या रूपात पाठवावी लागते. ‘ज्वारी’, ‘कोथिंबीर’, ‘खोबऱ्याचे तेल’ एवढे तीन शब्द छापून मागावेत. जोडाक्षरे फुटली किंवा प्रश्नचिन्हे आली, तर त्या जोडीत मराठी बिल होणार नाही, विक्रेता काहीही म्हणो.

उष्णतेवर छापलेले बिल काही महिन्यांत उडते, हेही ध्यानात असावे. ऊन, तेलकट हात आणि प्लास्टिकचे पाकीट हे त्याचे शत्रू. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. तेव्हा आपल्याकडे आलेल्या अशा बिलांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवावी. वॉरंटी देणाऱ्या दुकानांनी तर गिऱ्हाइकाला साध्या कागदावरच बिल द्यावे. ज्यांना कार्बनची दुसरी प्रत लागते, अशा ठोक व्यापाऱ्यांसाठी कर्कश आवाजाचा जुना डॉट मॅट्रिक्स आजही योग्य आहे. त्याला हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

गल्ल्याच्या पेटीबद्दल थोडेच. ती प्रिंटरच्या तारेने उघडते, म्हणून दोघांचा व्होल्टेज जुळला पाहिजे, आणि वीज गेल्यावर किल्लीने उघडली पाहिजे. गल्ल्याचे यंत्र मुळात १८७९ साली अमेरिकेतील डेटन येथे जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याने बनवले, ते नोकर पैसे खिशात घालतात म्हणून. आजही पेटी केव्हा आणि कोणाच्या नावाने उघडली याची नोंद सॉफ्टवेअर ठेवत नसेल, तर ती नुसता लोखंडी खण आहे.

वजनकाटा जोडायचा असेल तर त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. काटा संगणकाला जोडला म्हणून ती चुकत नाही.

संगणक जुना घेण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात गैर काही नाही, पण विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यापुढची आवृत्ती ज्यावर चालत नाही, असे जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. प्रिंटर, पडदा आणि बॅटरी एकाच ठोकळ्यात असलेली हातातली यंत्रे दिसायला सुबक असतात. मात्र प्रिंटरचे डोके खराब झाले की सगळे यंत्रच दुरुस्तीला जाते आणि दुकान हातबिलावर येते. सुटे भाग बदलता येतात, म्हणून मोठ्या दुकानात सुटे भागच बरे. संगणक, प्रिंटर आणि इंटरनेटचा राउटर हे तिन्ही यूपीएसवर असावेत.

हप्त्याविषयी एक सूचना. ‘बिनव्याजी हप्ता’ असे सांगितले, तरी प्रथम रोखीचा भाव लेखी मागावा. रोखीत सूट मिळत असेल आणि हप्त्यात नसेल, तर ती सूट म्हणजेच हप्त्याचा खर्च होय. व्याज टाळू पाहणाऱ्यांनी हा फरक काढल्याशिवाय सही करू नये. आवाज करणाऱ्या यूपीआय डब्यांचे मासिक भाडेही याच हिशेबात धरावे.

सौद्याआधी विक्रेत्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत. बिघाड झाला तर माणूस आमच्या गावी किती तासांत येईल? आणि सॉफ्टवेअर सोडायचे ठरवले, तर मालाची यादी व उधारीची खाती आम्हाला साध्या तक्त्यात काढून मिळतील का? दुसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आपली उधारी अडकणार हे निश्चित. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांत पुराचे पाणी शिरले. असे पाणी आले की यंत्रे जातातच, पण खात्यांची नक्कल दुसरीकडे असेल तर येणे तरी बुडत नाही. रोज दुकान बंद करताना ही नक्कल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्यावी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.