तिकिटावरचा मोबाइल नंबर

जून उजाडला की सालवडच्या आमच्या वस्तीत दोन गोष्टींची घाई उडते. एक छपरावरच्या ताडपत्रीची आणि दुसरी गावच्या तिकिटाची. तारापूर एमआयडीसी अगदी लागून असल्याने इथे उत्तर प्रदेश-बिहारची माणसं आहेत, खानदेशातली आहेत आणि आमच्यासारखी कोकणातलीही. कुणाला छठला गाव गाठायचं असतं, कुणाला गणपतीला. ज्याच्या त्याच्या सणाला सगळ्यांना एकाच आठवड्यात गाडी हवी असते आणि आरक्षण बघता बघता संपतं. या घाईवर पोट भरणारी माणसं बोईसरात आहेत. गेल्या गणपतीत अशा एका माणसामुळे आमचे पैसे तर अडकलेच, वर घरातली माणसं एकमेकांशी धड बोलेनाशी झाली. त्यातून जे कळलं ते शेजारणींना तोंडी सांगून झालंय. आता लिहून ठेवते.

२०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आम्हाला २५ला सकाळी निघून कुडाळला उतरायचं होतं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४च्या आधी ते एकशेवीस दिवसांवर होतं. म्हणजे आमचा दिवस होता २६ जून. त्या सकाळी सगळं वेटिंगवर गेलं. मग नालासोपाऱ्याच्या भाऊजींचा फोन आला, "वहिनी, बोईसरात ओळखीचा माणूस आहे, डोक्यामागे थोडे जास्त घेतो, पण कन्फर्म देतो." आमचा वाटा, नणंदेचा वाटा, सगळं भाऊजींच्या खात्यात गेलं आणि तिथून त्या माणसाच्या.

दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर तिकिटाचा फोटो आला. नावं बरोबर, वयं बरोबर, सासऱ्यांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. फक्त फोटोची उजवी कड कापलेली होती. बर्थ नंबर आणि वेटिंगची स्थिती जिथे छापतात, नेमका तोच रकाना नव्हता. वर दहा आकडी पीएनआर स्पष्ट दिसत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

२४च्या रात्री पिशव्या भरून झाल्या होत्या. जुलै २०२५च्या नियमाप्रमाणे तेव्हा गाडीचा पहिला चार्ट सुटण्याच्या आठ तास आधी लागायचा, आणि सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्री नऊपर्यंत. जेवणं आटोपल्यावर मुलीने सहज पीएनआर टाकून पाहिला. सगळी नावं वेटिंगवरच होती आणि तिकीट रद्द झालेलं होतं. ऑनलाइन तिकिटावरची सगळी नावं वेटिंगवर राहिली, तर चार्ट लागताना ते आपोआप रद्द होतं. त्याचा मेसेज आला असणार, पण तो त्या माणसाच्या मोबाइलवर. परतावाही त्याच्याच खात्यात, कारण रेल्वेच्या दृष्टीने पैसे त्याने भरलेले होते. त्याने स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून तिकीट काढून आम्हाला विकलं होतं. या धंद्याला रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४३खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या वस्तीतल्या कितीतरी लोकांना हे ठाऊकच नाही. त्यांना तो मदत करणारा दादा वाटतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की तिकिटावर मोबाइल नंबर आपलाच हवा. तिकीट कुणीही काढून देवो, नंबर आपल्या घरातल्या माणसाचा घालायला लावा. अधिकृत एजंट असेल तर तिकिटावर त्याच्या एजन्सीचं नाव असतं. ते तिकीट रद्द झालं की परताव्याच्या रकमेचा मेसेज आणि एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो. तो ओटीपी एजंटला दिल्यावरच व्यवहार पूर्ण होतो आणि आपले पैसे किती सुटले हेही कळतं. जो माणूस आपला नंबर घालायला का-कू करतो, त्याच्याकडून तिकीट घेऊच नका. आणि फोटोवर विसंबू नका. पैसे देण्याआधी १३९वर किंवा रेल्वेच्या साइटवर पीएनआर स्वतः तपासा. वेटिंगच्या तिकिटावर 'चढून तर बघू' म्हणण्याची सोयही आता राहिलेली नाही, १ मे २०२५पासून स्लीपर आणि एसी डब्यात वेटिंगवाल्याला बसू देत नाहीत.

यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. भाऊजींनी रागाच्या भरात आपला फोन नंबर टाकून फेसबुकवर तक्रार लिहिली. दुसऱ्याच दिवशी "रेल्वेच्या रिफंड विभागातून" फोन आला. अगदी गोड, अदबीचा आवाज. एक अॅप घ्या, मग यूपीआय पिन टाका, पैसे लगेच जमा होतील. पिन टाकायच्या आधी मुलीने भाऊजींच्या हातातून फोन काढून घेतला. पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना. हे वाक्य घरातल्या वयस्करांना पाठ करून द्या. पैसे गेलेच, तर कुणाला लाजत न बसता लगेच १९३०वर फोन करा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे होते आणि जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि चॅट पुसू नका.

आम्ही शेवटी एसटीने गेलो, गाड्या बदलत, पाय आखडून. पण त्यात एक गोष्ट सुखाची होती. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे आणि सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे त्यांचं काहीच लागलं नाही. आधारकार्ड तेवढं जवळ ठेवायचं. खाजगी बसवाल्याने सणाचा भाव सांगितला तर हेही लक्षात असू द्या: २०१८च्या शासन निर्णयानुसार त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. तिकीट किंवा पावती मागा, ती असली तर आरटीओकडे तक्रार करता येते.

नणंद गावी पोहोचल्यावर पहिल्याच रात्री म्हणाली, "माझे पैसे मी भाऊला दिले होते, त्या माणसाला नाही." तिचं बरोबर होतं. भाऊजींचंही चूक नव्हतं, ते सगळ्यांसाठीच धावले होते. पण बुडालेले पैसे कुणाच्या अंगावर, हे आधी कुणी बोललंच नव्हतं. आरती सगळ्यांनी एकत्र म्हटली आणि जेवायला तिघं तीन वेळांना बसले. सासूबाई गप्प राहिल्या. म्हणून आता आम्ही पैसे गोळा करतानाच घरच्या ग्रुपवर लिहितो: कोण तिकीट काढणार, कुणाच्या खात्यातून, रद्द झालं तर कपात कशी वाटायची. वेटिंग तिकिटाचे माणशी साठ रुपये कापतात, तेही लिहितो. लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि नात्यात असं लिहिणं कुणाला लागत नाही, हे मी आता अनुभवाने सांगते.

२०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. १२ तारखेच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी आठला उघडेल. आरक्षण उघडतं त्या दिवशी आधार जोडलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येतं, तेव्हा घरातल्या दोघांची तरी खाती जूनमध्येच जोडून ठेवा आणि प्रवाशांची नावं-वयं आधीच यादीत भरून ठेवा. नाहीच मिळालं, तर त्याच दिवशी बोईसर आगारात जाऊन गणपतीच्या जादा गाड्यांची आणि ग्रुप बुकिंगची चौकशी करा. चार घरं एकत्र आली तर एसटी थेट गावच्या वाटेला लागते.