रोध वाढवला, तरी कमी कसा?

पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या दहावीच्या मुलींना मी संध्याकाळी विज्ञान शिकवते. ६ आणि ३ ओहमचे रोध एकसर जोडले तर परिणामी रोध ९, हे लगेच जमलं. समांतर जोडणीला मात्र एक जण अडून बसली. "ताई, आणखी एक रोध जोडला तर एकूण रोध कमी कसा होईल?"

प्रश्न रास्तच. म्हटलं, उपासना सुटल्यावर दुसरं दारही उघडलं की गर्दी लवकर बाहेर पडते ना? मग मांडलं: १/६ + १/३ = १/२, उलटवून २ ओहम. (उलटवायचं मीही विसरायचे.)

ती थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे एकाच बोर्डावर इस्त्री, शेगडी लावत गेलो की रोध घटतो, विद्युतधारा वाढते, वायर तापते!"

त्याच रात्री स्वयंपाकघरातल्या बोर्डावरची शेगडी आम्ही काढली.