टोरंटोची कॉमिक्स जत्रा: प्रवेश फुकट, मग पैसे कुठे लागतात?

टोरंटो कॉमिक आर्ट्स फेस्टिव्हल, म्हणजेच ‘टीकॅफ’, २००३ साली सुरू झाला. आधी वर्षाआड भरायचा. कोविडचा काळ सोडला तर २००९पासून दरवर्षी भरतो, बहुधा मे महिन्यात, कधी जूनमध्ये. मुलांकडे कॅनडाला गेलेल्या आपल्याकडच्या आईबाबांचा मुक्काम नेमका तेव्हाच असतो. मोठ्या ‘कॉमिक कॉन’ना तिकिटातच खिसा रिकामा होतो. इथे तिकीटच नाही. सरळ आत जायचं आणि टेबलामागे बसलेल्या चित्रकाराशी गप्पा मारत त्याचं पुस्तक चाळायचं. म्हणून सगळं बजेट पुस्तकांसाठी राखून ठेवा.

निघण्यापूर्वी जागा मात्र तपासा. यंग स्ट्रीटवरच्या रेफरन्स लायब्ररीत वर्षानुवर्षं भरणारा हा उत्सव २०२५मध्ये मॅटॅमी अ‍ॅथलेटिक सेंटरमध्ये हलला. (यापुढचे डॉलर कॅनडाचे, एकाचे साधारण ६० ते ६५ रुपये धरा.) मिसिसागा-ब्रॅम्प्टनहून येणाऱ्यांनी गो ट्रेनचा वीकेंड पास ऑनलाइन काढावा: एका दिवसाचा १० डॉलर, दोन दिवसांचा १५. शहरातल्या टीटीसी बस-मेट्रोचं भाडं कार्डावर ३.३० डॉलर, आणि त्यात दोन तास हवं तितकं चढा-उतरा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन्हीकडे फुकट. पीअरसन विमानतळावरून यूपी एक्स्प्रेस ट्रेन झटपट शहरात आणते, पण ९०० नंबरची बस किपलिंग मेट्रो स्टेशनपर्यंत नेहमीच्या टीटीसी भाड्यात सोडते. हॉटेल घेणार असाल तर दिसणाऱ्या दरावर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) आणि पालिकेचा निवास कर धरून हिशेब करा. जेवणाचा डबा घरून न्या.

आता पुस्तकं. स्टिकर ३ ते ५ डॉलर, घरी छापलेली छोटी कॉमिक्स ५ ते १५, प्रिंट १० ते २५, जाडजूड ग्राफिक नॉव्हेल २५ ते ४० असा साधारण अंदाज धरा. चोवीस पानी छोटं कॉमिक हातात घेऊन नीट बघा: सहा कागद मधोमध दुमडलेले, घडीवर दोन पिना, कधी मुखपृष्ठ दोनच रंगांत हाताने छापलेलं. त्याचे दहा डॉलर ऐकून महाग वाटेल. पण कागद, छपाई, टेबलाचं भाडं आणि इथवरचा प्रवास तो चित्रकार त्यातूनच भागवतो, आणि हे पुस्तक दुसरीकडे मिळण्याची शाश्वती नसते. मोठ्या प्रकाशकांची ग्राफिक नॉव्हेल्स टोरंटो पब्लिक लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात. तेव्हा साठ डॉलर असतील तर निदान चाळीस स्वतः छापणाऱ्यांकडेच खर्च करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कराचंही पाहून घ्या. ऑन्टारिओत छापील पुस्तकावर ५ टक्केच कर लागतो, प्रिंट-स्टिकरवर मात्र १३. वर्षाची विक्री ३० हजार डॉलरच्या आत असलेल्या विक्रेत्याला करनोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे कित्येक टेबलांवर लिहिलेली किंमत हीच शेवटची किंमत. तिथे घासाघीस करू नका.

पाच-दहाच्या नोटा जवळ ठेवा. कार्ड बऱ्याच टेबलांवर चालतं, पण भारतीय कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत बसू शकतो, तो बँकेला आधी विचारा. इंटरॅक ई-ट्रान्सफरला कॅनडातलं बँक खातं लागतं, पाहुण्यांनी त्यावर विसंबू नये. परतीच्या बॅगेचं वजनही लक्षात असू द्या: दहा जाड पुस्तकं सहा-सात किलो सहज भरतात. पातळ कॉमिक्स तेवढ्या जागेत पन्नास मावतील.

आणि शनिवारी सकाळीच जा. मोजक्या प्रती छापून आणणाऱ्यांच्या टेबलावर रविवारी दुपारपर्यंत फारसं काही उरत नाही.