किंडलिंग : लहान धक्के, मोठी आकडी

ड्रिलचे उस्ताद एकच कवायत रोज का करून घेतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सरावाने मेंदू शिकतो. पण तोच मेंदू सरावाने आकडीही शिकू शकतो का?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम गॉडर्ड उंदरांच्या शिकण्याचा अभ्यास करत होते. मेंदूतील अमिग्डला या भागाला ते रोज विजेचा सौम्य धक्का देत. सुरुवातीला काहीच होत नसे. साधारण दोन आठवड्यांनी मात्र तेवढ्याच धक्क्याने उंदरांना पूर्ण आकडी येऊ लागली. मध्ये अनेक आठवडे धक्के बंद ठेवले, तरी हा बदल पुसला गेला नाही. विशेष म्हणजे, धक्के काही मिनिटांच्या अंतराने दिले तर परिणाम फारसा होत नसे. दिवसाआड किंवा रोज एकदा दिले तर होई. काटक्यांनी ओंडका पेटवावा तसे हे, म्हणून नाव पडले 'किंडलिंग'. हे संशोधन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा आमच्या चामराजपेटशी संबंध आहे. घरी सुट्टीच्या दिवशी आजी डोक्यावरून भराभर कडकडीत पाणी ओतते. माझ्या आतेभावाला अशाच अंघोळीत आकडी आली. शेजारी म्हणाले, नजर लागली. डॉक्टर म्हणाले, हॉट वॉटर एपिलेप्सी. दक्षिण कर्नाटकात हा आजार बराच आढळतो. बेंगळुरूच्या निमहान्समधील डॉ. सतीशचंद्र व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा २७९ रुग्णांचा अभ्यास मांडला. पुढे याच संस्थेत उंदरांना वारंवार गरम पाण्याने आकडी आणून पाहिली, तेव्हा तिथेही किंडलिंग दिसले आणि मेंदूतील तंतूंना नवे फाटे फुटलेले आढळले. हा निष्कर्ष २००६ मध्ये छापून आला.

उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी "एखादी आकडी, त्यात काय!" असे म्हणून टाळू नये, एवढे मला यातून पटले. आता आतेभाऊ कोमट पाण्याने अंघोळ करतो, गोळी चुकवत नाही आणि शाळेतही जातो.

पालकांनो, मित्रांनो, कोणाला आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा, आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा. तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच दवाखाना गाठा.