वाक्यातील अनावश्यक शब्द

वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने आमच्याकडे रजेचा अर्ज दिला होता. त्यातील मुख्य वाक्य असे:

“आपणांस नम्रतापूर्वक सविनय विनंती की, माझ्या आईची तब्येत व प्रकृती ठीक नसल्याच्या कारणामुळे मला घरी जाणे अत्यंत आवश्यक व गरजेचे असल्याने मला सुमारे चार दिवसांच्या आसपास रजा मंजूर करण्यात यावी.”

या तीस शब्दांत रजा कधीपासून हवी, एवढेच राहून गेले होते. अर्ज दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या मेजावर पडून राहिला. विद्यार्थी मात्र त्याच सायंकाळी पिशवी भरून वाट पाहत बसला होता. अनावश्यक शब्दांच्या गर्दीत आवश्यक शब्द हरवतो, तो असा.

हे शब्द येतात कोठून? मराठीला संस्कृत आणि अरबी-फारसी अशा दोन्ही भांडारांतून शब्द मिळाले. त्यामुळे ‘प्रकृती’ व ‘तब्येत’, ‘आवश्यकता’ व ‘गरज’ अशा जोड्या सहज हाताशी येतात. त्यांतील एक शब्द पुरेसा असतो. ‘कारणामुळे’ यात ‘कारण’ आणि ‘मुळे’ एकच काम करतात. ‘सुमारे’ लिहिल्यावर ‘आसपास’ नको. काही वेळा अर्थ शब्दाच्या पोटातच असतो. ‘पीत’ म्हणजे पिवळा, म्हणून ‘पिवळा पीतांबर’ नको. ‘अचल’ म्हणजे पर्वत, म्हणून ‘विंध्याचल पर्वत’ नको. ‘करण्यात यावी’ याऐवजी ‘करावी’ पुरते.

तथापि प्रत्येक पुनरुक्ती दोषास्पद नसते. ‘हळूहळू’, ‘घरोघरी’ यांतील द्विरुक्तीने अर्थ वाढतो. पाली सुत्तांतील पुनरावृत्ती मुखोद्गत करण्यास साहाय्यक होती. पुढे लेखनात तेच परिच्छेद ‘पे’ या खुणेने आटोपशीर केले गेले. ऐकणाऱ्याची गरज वेगळी, वाचणाऱ्याची वेगळी.

म्हणून प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारावे: हा काढला तर अर्थ उणावतो काय? उणावत नसेल तर तो काढावा. नंतर दुसरा प्रश्न विचारावा: वाचकाला हवे ते सर्व आले काय? या कसोटीवर तोच अर्ज असा होतो:

“माझ्या आईची प्रकृती ठीक नाही. आज सायंकाळपासून चार दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.”

शब्द पंधरा, आणि राहिलेली माहितीही आली. ‘नम्र’ हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. आदर व्यक्त करण्यास तो एक पुरेसा आहे. वाचणाऱ्याचा वेळ वाचविणे हाही आदरच होय.