‘नर्सिंगला टाकली’

प्रवेशाच्या दिवसांत नर्सिंग कॉलेजातल्या माझ्या टेबलासमोर हे वाक्य दरवर्षी येतंच. “डॉक्टर करायची होती मॅडम, नीटला मार्क कमी पडले, मग नर्सिंगला टाकली.” बाबा सहज बोलून जातात. शेजारी मुलगी फाइल छातीशी धरून बसलेली असते, खाली बघत. पालकहो, टाकायला ती काय पोस्टातली चिठ्ठी आहे?

बी.एस्सी. नर्सिंग ही 4 वर्षांची पदवी. शरीररचनेपासून औषधशास्त्र, बालरोग, प्रसूती, मानसोपचारापर्यंत सगळं शिकावं लागतं आणि त्यातलं निम्मं वॉर्डात उभं राहून. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्री तीनला पेशंटचा श्वास बदललाय हे आधी सिस्टरला कळतं.

पालकांना एक धास्तीही असते, “तुमचं कॉलेज फारच लहान आहे हो.” आहे. वर्गात 40 मुलं. म्हणूनच कोण दोन दिवस मेसमध्ये जेवलं नाही हे मला ठाऊक असतं. सलाइन लावताना कुणाचा हात कापतो तेही. अर्थात लहान असण्याचे तोटेही आहेत. दुर्मीळ केसेस आमच्याकडे येत नाहीत, मानसोपचाराच्या पोस्टिंगला मुलांना रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यावं लागतं. हे मी लपवत नाही.

तेव्हा इमारत बघू नका, रुग्णालय बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार कॉलेजचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय लागतं. कागदावर ते सगळीकडे असतं. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी जा आणि खाटांवर माणसं आहेत का, ते बघा. माझ्या एका भाचीच्या कॉलेजात चादरी कायम कोऱ्या करकरीत असायच्या. तिनं पहिलं इंजेक्शन खऱ्या पेशंटला दिलं ते थेट दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याच गावात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे ना, हेही विचारा. विचारल्यावर कुणी चिडलं, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

फीचं सांगते, कारण एजंट सांगत नाहीत. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस गटातल्या, 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्य सरकारनं 2024 पासून व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईनं सीट ‘पक्की’ केलीत, तर ही सवलत गेली.

आता एक घरचं. पहिल्या वर्षी कधीतरी रात्री फोन येईल. तिनं सांभाळलेला पेशंट गेलेला असेल. “सोडून ये” म्हणू नका. “सवय होईल” हेही नको, ते तिला सिस्टर सांगतीलच. जेवलीस का विचारा आणि मग ती बोलेल तेवढा वेळ फोन कानाला धरून ठेवा. बहुतेक मुली दुसऱ्या दिवशी सातच्या ड्यूटीला हजर असतात.

लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे नर्सिंगच्या शपथेच्या कार्यक्रमाला पांढऱ्या गणवेशातले फोटो काढायला तुम्ही सगळे येताच. तेव्हा पाहुण्यांशी ओळख करून देताना तेवढं ‘टाकली’ म्हणू नका. ती ऐकत असते.