आंकड्यांतील ताल कसा ओळखावा ?

मैफलींत एकच तबला वाजत असला तर त्याचा ठेका नवशिक्यासही ओळखतां येतो. परंतु दोन निराळ्या तालांचीं वाद्यें एकदम वाजूं लागलीं म्हणजे जाणत्याचाही गोंधळ उडतो. पृथ्वीच्या वातावरणाची गोष्ट अशीच आहे. त्यांतील दोन तालांचा व ते शोधणारांचा हा वृत्तांत आहे.

पहिला ताल सूर्याचा. जर्मनींतील देसाऊ गांवीं हाइन्रिख श्वाबे नांवाचे एक औषधविक्रेते राहत असत. बुधाच्याही आंत एखादा ग्रह असल्यास तो सूर्यबिंबावरून जातांना दिसावा, या आशेनें ते १८२६ पासून सूर्यावरील डाग नोंदूं लागले. ग्रह कांहीं सांपडला नाहीं. परंतु डाग सुमारें दहा वर्षांच्या अंतरानें वाढतात व घटतात, असें त्यांनीं १८४४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें ही मुदत सरासरीनें ११ वर्षांची ठरली. डाग पुष्कळ असतील तेव्हां सूर्य ‘चंचल’ व थोडे असतील तेव्हां ‘शांत’ असें आपण म्हणूं.

दुसरा ताल विषुववृत्तावरील उंच वाऱ्यांचा. १८८३ च्या ऑगस्टांत क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां उंच उडालेली धूळ पश्चिमेकडे वाहत जाऊन सुमारें दोन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. अर्थात् तेथें पूर्वेचा वारा वाहतो, असें ठरलें. पण १९०८ सालीं आर्थर बेर्सन यांनीं पूर्व आफ्रिकेंत बलून सोडले, तों सुमारें १५ किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेचा ! खरें कोणतें ? हें कोडें अर्धशतक तसेंच राहिलें. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत रिचर्ड रीड व इंग्लंडांत एब्डन यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, त्या उंच थरांत, म्हणजे स्थितांबरांत, पूर्वेचा व पश्चिमेचा वारा आळीपाळीनें वाहतो. एक आवर्तन सरासरीनें २८ महिन्यांचें असतें. प्रत्येक नवा वारा वरच्या थरांत सुरू होऊन महिन्यास सुमारें एक किलोमीटर या गतीनें खालीं उतरतो.

आतां मुख्य प्रश्न. सूर्य चंचल झाला म्हणजे उत्तर ध्रुवावरील हिंवाळ्यांत स्थितांबराची उष्णता बदलते काय ? १९५६ पासूनचे आंकडे एकत्र मांडले असतां संबंध जवळजवळ दिसेना. तेव्हां बर्लिनच्या कारिन लाबिट्झके यांनीं १९८७ सालीं एक साधी युक्ति केली. विषुववृत्तावर पश्चिमेचा वारा असलेले हिंवाळे एका बाजूस व पूर्वेचा असलेले दुसऱ्या बाजूस, असे त्यांनीं दोन भाग पाडले. आणि संबंध उघड झाला!

हें कसें, तें कल्पित आंकड्यांनीं पाहूं. सूर्य शांत असतां पश्चिमेच्या वाऱ्यांत उष्णता शून्याखालीं ७२ अंश व पूर्वेच्या वाऱ्यांत ६४ अंश आहे; सूर्य चंचल असतां पहिलींत ६४ व दुसरींत ७२ आहे. दोन्ही वेळां सरासरी ६८ च ! सरासरी पाहणारा म्हणेल, सूर्याचा परिणाम नाहीं. वेगळें करून पाहणारास मात्र आठ अंशांचा फरक दिसेल.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. तीस हिंवाळे म्हणजे सूर्याचीं जेमतेम तीन आवर्तनें. त्यांचे दोन भाग केल्यावर प्रत्येकांत किती थोडे उरतात! शिवाय दुसरीही शंका निघाली. वाऱ्याचें आवर्तन समजा २६.४ महिन्यांचें असलें, तर पांच आवर्तनें १३२ महिन्यांत, म्हणजे बरोबर ११ वर्षांत पुरीं होतात. मग दरवर्षीं केवळ हिंवाळ्यांत मोजणारास वाऱ्याचाच ताल अकरा वर्षांनीं फिरून आलेला दिसेल, आणि श्रेय मात्र सूर्यास मिळेल !

म्हणून जुळणी दिसली एवढ्यावर विसंबून न राहतां शास्त्रज्ञ दोन गोष्टी विचारतात. पहिली, कारण काय ? सूर्य चंचल असतां त्याचे अतिनील किरण वाढतात, ते ओझोन वायु शोषून घेतो व वरचा थर तापतो. तेव्हां संबंध अशक्य नाहीं. दुसरी, पुढील वर्षें काय साक्ष देतात ? पश्चिमेचा वारा व शांत सूर्य असतां ध्रुवावर ऐन हिंवाळ्यांत मोठी उष्णता येत नाहीं, असा नियम दिसत होता. पण २००९ च्या जानेवारींत, दोन्ही गोष्टी असतांनाच, ती आली. पुढें २०१५-१६ च्या हिंवाळ्यांत खुद्द वाऱ्याचाच ताल मोडला. १९५३ पासूनच्या नोंदींत तसें प्रथमच घडलें. २०१९-२० मध्यें तो पुन्हां मोडला.

यावरून मागील श्रम व्यर्थ गेले असें समजूं नये. नियम पुसला गेला नाहीं. त्याची मर्यादा कळली. लाबिट्झके यांनींही तो अपवाद लपविला नाहीं. त्यावर त्यांनीं स्वतः लेख लिहिला. आंकडे वेगळे करून पाहण्याची चतुराई आणि नव्या आंकड्यांपुढें नमण्याची तयारी, हीं दोन्ही ज्याच्या अंगीं असतील त्यासच निसर्गाचा ताल ऐकूं येतो. आपल्या वहींत रोजचा पाऊस वा उष्णता टिपून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यानेंही हें लक्षांत ठेवावें.